सोलापूर भागातील हरभरा-तुरीची मर : बुरशी कोणती आणि तिची रेस कोणती, हे ठरवायचे कसे?

सीनाकाठ (धागाकर्ता)

मोहोळ तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन दोन ठिकाणी आहे. या रब्बीत दोन्हीकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'विजय' हा हरभरा प्रमाणित बियाण्यातून पेरला होता. नदीकडील भारी रानात पीक घाट्यांनी भरून आले, पण माळाकडील मध्यम रानात फुलोऱ्यानंतर जागोजागी झाडे उभी वाळली. त्यावर गावात निघालेला निष्कर्ष असा की 'विजय'ची प्रतिकारशक्ती संपली, जमिनीत मरीची नवी रेस आली, आणि आता वाण बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. निष्कर्ष खरा असेलही. पण तिथे पोहोचण्याआधी ज्या पायऱ्या चढायला हव्यात, त्या कोणीच चढलेले दिसत नाही, आणि म्हणूनच हा धागा काढत आहे.

हरभऱ्याची मर 'फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम' या बुरशीच्या 'सायसेरिस' या हरभऱ्यापुरत्या मर्यादित प्रकारामुळे होते. या प्रकारातही पोटभेद आहेत आणि त्यांनाच रेस म्हणतात. हवारे आणि नेने या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये भारतातून चार रेस नोंदवल्या : हैदराबादकडील पहिली, कानपूरची दुसरी, गुरदासपूरची तिसरी आणि हिसारची चौथी. पुढे स्पेन आणि इतर देशांतील कामानंतर 0, 1ए, 1बी/सी, 2, 3, 4, 5 आणि 6 अशा आठ रेस मानल्या जाऊ लागल्या. त्यांपैकी 0 आणि 1बी/सी या झाड पिवळे पाडतात आणि सावकाश मारतात, तर बाकीच्या थेट मर आणतात. सूक्ष्मदर्शकाखाली या आठही सारख्याच दिसतात. त्यांचा फरक कळतो तो ठरावीक वाणांच्या संचावर. कोणता वाण मेला आणि कोणता तगला याच्या नमुन्यावरून रेस ओळखली जाते. त्या संचात जेजी-62, सी-104, अन्निगेरी, डब्ल्यूआर-315 यांच्यासोबत आपल्या वाडवडिलांच्या पेरणीतला 'चाफा'ही आहे, हे वाचून मला गंमत वाटली.

माझा प्रश्न असा आहे : नवी रेस आली असे म्हणण्याआधी शेतकऱ्याने स्वतःच्या रानात काय तपासावे, आणि कुठल्या टप्प्याला प्रयोगशाळेची पायरी चढावी? हरभऱ्याबरोबर तुरीचेही अनुभव यावेत, कारण आपल्या जिल्ह्यात खरिपात तूर आणि रब्बीत हरभरा हा जोड सगळीकडे आहे.


बार्शी_रोड

माझे कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या काउंटरवर दर जानेवारीत येतो. अडचण अशी आहे की वाळलेले झाड कोणी आणत नाही, मोबाइलवरचा फोटो आणतात. त्या फोटोत झाडाचा शेंडा असतो, मूळ नसते. मग समोरचा माणूस 'मरीवर काहीतरी द्या' म्हणतो आणि ड्रेंचिंगसाठी, म्हणजे मुळाशी औषधाचे पाणी ओतण्यासाठी, कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घेऊन जातो. उभे झाड वाळू लागल्यावर त्या पाण्याचा उपयोग होत नाही, हे सांगितले तर तो पुढच्या दुकानात जातो. बीजप्रक्रियेसाठी कार्बोक्झिन-थायरम किंवा ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी पेरणीच्या आठवड्यात विकले जाते, पण ते बियाण्याच्या गोण्यांच्या तुलनेत फारच कमी. जाणकारांनी मुळावरून रोग ओळखण्याची रीत नीट लिहावी, म्हणजे मी ती छापून दुकानात लावीन.


रोगनिदान

सीनाकाठ यांनी प्रश्न योग्य क्रमाने मांडला आहे. रेसचा विचार सर्वांत शेवटी यावा, कारण आपल्याकडे हरभरा उभा वाळण्यामागे किमान तीन वेगळ्या बुरशा असतात आणि रेसची गोष्ट त्यांतील एकीलाच लागू पडते.

खरी मर असेल तर झाड उपटताना मूळ अखंड येते आणि बाहेरून कुजलेले दिसत नाही. जमिनीलगतच्या भागात खोड ब्लेडने उभे चिरले की आत जलवाहिन्यांच्या जागी तपकिरी-काळी रेघ दिसते. पाने आधी मलूल होतात, बऱ्याचदा हिरवी असतानाच माना टाकतात. बळी पडणाऱ्या वाणात हे पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांतच सुरू होऊ शकते.

कोरडी मूळकूज वेगळी असते. ती 'रायझोक्टोनिया बटाटिकोला', म्हणजेच 'मॅक्रोफोमिना', या बुरशीमुळे होते. ती फुलोरा ते घाटे भरण्याच्या काळात, जमीन कोरडी पडल्यावर आणि दिवसाचे तापमान 30 अंशांच्या वर गेल्यावर जोर धरते. झाड गवताच्या काडीसारखे पिवळे होते. उपटू लागल्यास सोटमूळ कडकन तुटून खालचा तुकडा जमिनीतच राहतो आणि हातात आलेल्या भागावर उपमुळे जवळपास उरलेली नसतात. साल सोलली तर आत राखेसारखे बारीक काळे कण दिसतात.

तिसरी खोडकूज 'स्क्लेरोशियम रॉल्फसाय'ची. ती रोपावस्थेत, ओल जास्त असताना, विशेषतः न कुजलेला काडीकचरा रानात राहिला असेल तर येते. जमिनीलगत पांढरी बुरशी आणि तिच्यावर मोहरीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी दिसतात.

आता सीनाकाठ यांच्या वर्णनाकडे पाहू. माळाचे मध्यम रान, फुलोऱ्यानंतरची वेळ, जागोजागी वाळलेली झाडे आणि त्याच बियाण्याचे भारी रानातले निरोगी पीक, हे सगळे पाहता माझा पहिला संशय कोरड्या मुळकुजीवर आहे. 'विजय' मरीला प्रतिकारक आहे. मरीच्या प्रतिकारशक्तीने मुळकुजीपासून संरक्षण मिळत नाही, आणि मुळकुजीला ठामपणे प्रतिकारक म्हणावा असा हरभऱ्याचा वाण आज हाती नाही. म्हणजे वाणाने जे वचन दिलेच नव्हते, ते मोडल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला जात असावा.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. रब्बी ज्वारीचा खडखड्या हा रोगही हीच 'मॅक्रोफोमिना' आणते. या बुरशीचे 500 हून अधिक यजमान, म्हणजे ती ज्यांच्यावर जगते अशा वनस्पती, आहेत आणि तिच्यात वाणानुसार ठरणाऱ्या पक्क्या रेस मांडता येत नाहीत. त्यामुळे 'ज्वारीवर हरभरा घेतला, बेवड बदलला, आता मर येणार नाही' हे वाक्य फ्युजेरियमसाठी काही अंशी बरोबर असले, तरी मुळकुजीसाठी त्याचा आधार उरत नाही.


रब्बीज्वारी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आम्ही ज्वारी आणि हरभरा आलटून-पालटून घेतो. खडखड्याने ज्वारी लोळली त्या पट्ट्यात पुढल्या वर्षी हरभरा वाळतो, हे माझे वडील सांगत असत, पण दोन्हींमागे एकच बुरशी असेल असे कधी मनात आले नव्हते. ज्या वर्षी परतीचा पाऊस चांगला होऊन जमिनीत ओल टिकते, त्या वर्षी दोन्ही त्रास कमी असतात, हेही जुळते.


अक्कलकोटची_तूर

तुरीबद्दल लिहितो. आमचा शिवार कलबुर्गीला लागून आहे, आणि बियाणे सीमा पाहून येत नाही. टीएस-3आर हा तुरीचा वाण इकडे भरपूर आहे, बदनापूरचे बीडीएन-711 आहे, कोणाकडे अजून जुनी 'मारुती' आहे. 2022-23 च्या हंगामात कलबुर्गीकडे मर आणि मुळकुजीने तुरीचे मोठे नुकसान झाले, तेव्हा प्रतिकारक म्हणवणाऱ्या वाणांच्या तुरीही वाळल्या. मग तिथे तरी नवी रेस आली असे म्हणायचे का? दुसरा प्रश्न : तुरीची मर हरभऱ्याला लागते का?


रोगनिदान

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तुरीची मर 'फ्युजेरियम उडम' या वेगळ्या प्रजातीमुळे होते. बिहारमधील पुसा येथे काम करताना एडविन बटलर यांनी 1910 मध्ये तिला हे नाव दिले. ती हरभरा मारत नाही आणि हरभऱ्याची बुरशी तूर मारत नाही. तरीही हरभऱ्याच्या मरीची बुरशी तुरीच्या, मसुराच्या आणि वाटाण्याच्या मुळांत कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकते, हे हवारे-नेने यांनीच दाखवले आहे. तूर निरोगी दिसते, पण रानातला हरभऱ्याचा शत्रू ती सांभाळून ठेवते. शिवाय यजमान पीक नसतानाही ही बुरशी जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपात जमिनीत सुमारे सहा वर्षे तग धरते. त्यामुळे तूर-हरभरा या फेरपालटीला मी फेरपालट म्हणत नाही.

कलबुर्गीबद्दल दुरून निर्णय देणार नाही. तुरीच्या मर-बुरशीतही आक्रमकतेचे वेगवेगळे प्रकार भारतात नोंदले गेले आहेत, त्यामुळे एका जिल्ह्यात टिकणारा वाण शेजारच्या जिल्ह्यात पडणे अशक्य नाही. पण तुरीत आधी खोड पाहावे. मरीत बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा दिसतो आणि साल काढली की आत काळपट रेघा असतात, कधीकधी झाडाची एकच बाजू वाळते. पाणी साचलेल्या सखल भागात, ऑगस्टच्या सुमारास, खोडावर जमिनीच्या वर तपकिरी खोलगट चट्टे पडून झाड तिथेच मोडत असेल, तर तो 'फायटोप्थोरा'चा करपा असतो. फायटोप्थोरा ही खरी बुरशी नसून शैवालवर्गाच्या जवळचा जीव आहे. तिच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही, मेटॅलॅक्झिल चालते. बार्शी_रोड यांनी एवढी एक ओळ तरी दुकानात नक्की लावावी.


पेट्रीडिश

मी वनस्पती रोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, म्हणून प्रयोगशाळेची बाजू मांडतो. सीनाकाठ यांनी सुरुवातीला लिहिलेल्या एका बाबतीत माझा थोडा मतभेद आहे. रेस ओळखण्यासाठी वाणांचा संच हीच एकमेव कसोटी असे आपण धरून चाललो, तर तपासाला पूर्ण हंगाम लागतो. आता डीएनए तपासणीने काम बरेच पुढे गेले आहे. बुरशी कोणत्या प्रजातीची, हे ठरवण्यासाठी पूर्वी 'आयटीएस' हा डीएनएचा भाग वाचला जात असे. फ्युजेरियमसाठी तो अपुरा पडतो, म्हणून 'टीईएफ-1 अल्फा' हे जनुक वाचतात आणि त्यातून जवळच्या प्रजाती वेगळ्या होतात. हरभऱ्याच्या 0, 1ए, 5 आणि 6 या रेससाठी स्पेनमधील संशोधकांनी पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तपासण्याच्या पद्धतीवर, चालणारी खूणचिन्हेही तयार केली आहेत.


रोगनिदान

पेट्रीडिश यांच्या माहितीत चूक नाही, पण आपल्या कामासाठी तिची मर्यादा लक्षात घ्यावी. ती खूणचिन्हे मुख्यतः भूमध्य भागातील नमुन्यांवर बेतलेली आहेत. भारतातील बुरशीची विविधता अधिक आहे, एकाच राज्यात एकाहून अधिक रेस सापडतात, आणि जुन्या संचावर काही नमुन्यांची वागणूक नोंदलेल्या कोणत्याच रेसशी जुळत नाही असे आढळल्यावर इथल्या संशोधकांनी संचच नव्याने बांधण्याचा प्रस्ताव मांडला. डीएनए नातेसंबंध सांगतो. झाड मरेल की नाही, हे अखेरीस झाडच सांगते. माझ्या मते दोन्ही कामे जोडीने चालावीत, आणि शेतकऱ्याला सल्ला देताना शेवटचा शब्द कुंडीतल्या रोपाचा असावा.

संचाचा निकाल वाचण्याची रीतही सांगून ठेवतो. वीस टक्क्यांपर्यंत झाडे मेली तर वाण प्रतिकारक, 21 ते 50 टक्के म्हणजे मध्यम, आणि त्याहून जास्त म्हणजे बळी पडणारा. पण आकड्याइतकीच वेळ महत्त्वाची आहे. जेजी-62 लवकर मरतो, तर सी-104 आणि के-850 हे पहिल्या रेसपुढे उशिरा मरतात, कारण त्यांच्याकडे प्रतिकाराची जनुके अर्धीच आहेत. उशिरा आलेली मर म्हणजे नवी रेस, हा तर्क त्यामुळे कोसळतो. ती जुन्याच रेसपुढे वाणाने दिलेली अर्धवट झुंज असू शकते.

तापमानाचाही विचार करावा लागेल. 'आयाला' नावाच्या वाणाला 1ए या रेसची लागण करून केलेल्या प्रयोगात दिवसाचे तापमान 24 अंश असताना वाण बऱ्यापैकी तगला, आणि 27 अंशांवर तोच सपशेल बळी पडला. बुरशी तीच, वाण तोच, फरक तीन अंशांचा. आपल्याकडे ओल उडून जाईल या धास्तीने सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, जमीन तापलेली असतानाच हरभरा पेरला जातो. त्या पेरणीतली मर पाहून रेसचा निर्णय करणे धोक्याचे आहे. कोरडवाहूत ओलीसाठी थांबता येत नाही हे मला मान्य आहे, पण निदान करताना पेरणीची तारीख लिहिलेली हवी.


डाळिंबबाग

सांगोल्याकडून विचारतो. आमची डाळिंबाची बाग मरीने गेली, ती काढून तिथे हरभरा घेतला आणि तोही काही भागात वाळला. ही तीच मर आहे का?


रोगनिदान

नाही. डाळिंबाची मर मुख्यतः 'सेराटोसिस्टिस' या बुरशीमुळे होते, आणि ती हरभऱ्याची मर आणत नाही. मात्र जुन्या डाळिंबाच्या रानात मुळावर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म कृमी) भरपूर असू शकतात, ते हरभऱ्यावरही जगतात आणि मुळांना जखमा करून फ्युजेरियमची वाट मोकळी करतात. अशा रानात प्रतिकारक वाणही पडू शकतो. वाळलेल्या झाडाची मुळे पाण्यात हलकेच धुऊन पाहा. गाठी दिसल्या तर रेस शोधण्याआधी मातीची सूत्रकृमी तपासणी करून घ्या. रायझोबियम या नत्र देणाऱ्या जिवाणूच्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सहज निघतात, सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेले मूळच असते, त्यामुळे ती निघत नाही.


बार्शी_रोड

सोयाबीनचे काय? आमच्याकडे आता खरिपात तुरीपेक्षा सोयाबीनच जास्त आहे.


पेट्रीडिश

सोयाबीनची खोड-मूळकूजही 'मॅक्रोफोमिना'चीच. म्हणजे सोयाबीन, नंतर हरभरा, मध्ये ज्वारी, असा क्रम धरला तरी त्या बुरशीला वर्षभर घर मिळते. तांबेऱ्याचा विषय निराळा आहे. तो हवेतून येतो, त्याच्याही रेस असतात आणि त्याचा जोर सांगली-कोल्हापूरकडे अधिक असतो. त्यासाठी स्वतंत्र धागा बरा.


सीनाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काढणीनंतर माळाच्या रानात उरलेली वाळकी झाडे काल उपटून पाहिली. बहुतेक ठिकाणी मूळ कडकन तुटले, उपमुळे नव्हती, आणि सालीखाली काळे कण भिंगातून स्पष्ट दिसले. मात्र बांधालगतच्या एका कोपऱ्यात मुळे अखंड आली आणि चिरलेल्या खोडात तपकिरी रेघ मिळाली. तो कोपरा दोन वर्षांपूर्वी घरच्या बियाण्याने पेरला होता, आणि ते बियाणे पाहुण्यांकडून आलेले होते. म्हणजे एकाच रानात दोन्ही रोग आहेत असे दिसते. कोपऱ्यातली मर तपासण्यासाठी पुढल्या रब्बीत काय मांडणी करावी?


रोगनिदान

उत्तम निरीक्षण आहे. मरीची बुरशी बियाण्यातूनही प्रवास करते, त्यामुळे पाहुण्यांच्या बियाण्याची नोंद महत्त्वाची ठरेल.

त्या कोपऱ्यात 'विजय'च्या दर काही ओळींनंतर जेजी-62 ची एक ओळ पेरावी. तिचे थोडे बियाणे संशोधन केंद्रामार्फत मागता येईल. सोलापूरचे विभागीय कृषी संशोधन केंद्र आणि मोहोळचे कृषी विज्ञान केंद्र तुमच्या जवळ आहेत, आणि या विषयावरील बरेचसे मूळ काम जिथे झाले ते पटनचेरूचे इक्रिसॅट हे आंतरराष्ट्रीय पीक संशोधन केंद्र तर सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगतच आहे. जेजी-62 मेला आणि 'विजय' उभा राहिला, तर बुरशी जमिनीत आहे आणि वाण काम करतो आहे. दोन्ही उभे राहिले, तर त्या वर्षी त्या जागी पुरेसा रोगच नव्हता आणि 'विजय'बद्दल काहीही सिद्ध झाले नाही. हा दुसरा निकाल लोक वाणाचे यश म्हणून मिरवतात. दोन्ही मेले, मुळे अखंड आली, खोडात रेघ दिसली, सूत्रकृमी नव्हते आणि बियाणे भेसळीचे नव्हते, तरच रेसचा संशय धरून नमुने पाठवावेत.

नमुना झाड नुकते मलूल झालेले असताना घ्यावा, पूर्ण वाळल्यावर त्यावर इतर बुरशा चढतात आणि प्रयोगशाळेत त्याच वाढतात. मुळासह खालचे खोड कागदात गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घाम धरून कुजते. शेजारचे एक निरोगी झाडही सोबत द्यावे. चिठ्ठीवर वाण, बियाण्याचा स्रोत, पेरणीची तारीख, मागची पिके आणि रानातली जागा लिहावी.


अक्कलकोटची_तूर

आम्ही तुरीत हीच मांडणी केली तर चालेल का? आणि ज्वारीचे आंतरपीक घेतल्याने मर कमी होते म्हणतात, त्याने निकाल बिघडेल का?


रोगनिदान

चालेल, तुरीसाठी बळी पडणारा तुलनेचा वाण आयसीपी-2376 आहे. ज्वारीच्या आंतरपिकाने तुरीची मर कमी होते हे प्रयोगांत दिसले आहे, आणि एरवी मी ते घ्याच म्हणतो. पण तपासणीच्या पट्ट्यात सलग तूर ठेवा, नाहीतर वाण तगला की ज्वारीने तारले, हे सांगता येणार नाही.


सीनाकाठ (धागाकर्ता)

एक शेवटची शंका. ऑक्टोबरपर्यंत थांबण्याऐवजी त्या कोपऱ्यातली माती कुंड्यांत भरून आत्ताच जेजी-62 आणि 'विजय' लावले, तर उन्हाळ्यातच उत्तर मिळेल का?


रोगनिदान

मिळेल, पण चुकीचे मिळेल. एप्रिलमध्ये सोलापुरात पारा 40 च्या पुढे असतो. त्या उष्णतेत हरभरा कशानेही मरेल, आणि मॅक्रोफोमिना असेल तर तीच आधी पुढे येईल. माती आत्ता काढायची असेल तर 15 सेंटिमीटर खोलीपर्यंतची घ्या, कापडी पिशवीत सावलीत कोरडी ठेवा, बुरशी त्यात जिवंत राहील. कुंड्या नोव्हेंबरात भरा. शेजारी नदीकडच्या रानातल्या मातीच्याही तेवढ्याच कुंड्या ठेवा आणि दोन्हींना पाणी मोजून सारखे द्या. कोपरा लहान असेल तर उरलेल्या जागेवर एप्रिल-मेमध्ये पाणी देऊन पातळ पारदर्शक प्लॅस्टिक सहा आठवडे अंथरता येईल, उन्हाने माती तापून बुरशी बरीच कमी होते. सगळ्या रानाला तो खर्च परवडणार नाही. आणि माती काढायच्या आधी प्लॅस्टिक अंथरू नका.


बार्शी_रोड

मूळ ओळखण्याच्या तीन रीती आणि मेटॅलॅक्झिलची ओळ फळ्यावर लिहायला दिली आहे. जानेवारीत जे झाड मुळासकट आणतील, त्यांचे फोटो याच धाग्यावर टाकीन.